भरड दळणासाठी एस्प्रेसो ग्राइंडर : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

चौदा महिन्यांपूर्वी घरी एस्प्रेसो ग्राइंडर आणला, तेव्हा विक्रेत्याला मी एकच प्रश्न विचारला होता, की याच यंत्रावर फिल्टरच्या आणि फ्रेंच प्रेसच्या कॉफीसाठी भरड दळण मिळेल का. "बटण फिरवा आणि हवे तेवढे जाड दळा," असे उत्तर मिळाले. ते उत्तर खोटे नव्हते. बटण खरोखरच फिरते आणि दळण खरोखरच जाड होते. मात्र नुसते जाड दळण आणि भरड कॉफीसाठी चांगले दळण यांत किती अंतर आहे, हे त्या उत्तरात नव्हते. ते अंतर मला पुढे रोज कपात दिसत राहिले. अशाच विचाराने ४०,००० रुपयांच्या आसपासचे यंत्र घेण्याच्या बेतात जे कोणी असतील, त्यांच्यासाठी ते तपशिलाने लिहीत आहे.

गोव्यातल्या फोंडा तालुक्यात, म्हार्दोळच्या अलीकडे आमचे घर आहे आणि त्यातल्या तीन खोल्या आम्ही पाहुण्यांना राहायला देतो. न्याहारीबरोबर कॉफी द्यावी लागते, आणि हल्लीच्या पाहुण्यांची कॉफी एकसारखी नसते. पुण्या-मुंबईहून आलेली मंडळी कॅपुचिनो मागतात, बेंगळुरूची मंडळी बहुतेक वेळा काळी, कागदातून गाळलेली कॉफी विचारतात, आणि एखादे मोठे कुटुंब आले की टेबलावर फ्रेंच प्रेसचे, म्हणजे दट्ट्या दाबून कॉफी गाळायचे, मोठे भांडे ठेवणेच सोयीचे पडते. डिसेंबर-जानेवारीत सकाळी साडेसात ते साडेनऊ या दोन तासांत दळणाची जात चार-पाच वेळा बदलावी लागते. म्हणून एकाच यंत्रावर सगळे भागेल का, हा माझ्यापुरता ओट्यावरच्या जागेचा, पैशांचा आणि वेळेचा प्रश्न होता.

यंत्राचे नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण पुढे येणारे गुणदोष एका कंपनीचे नसून या जातीच्या यंत्रांचे आहेत. ५५ मिलिमीटर व्यासाच्या दोन सपाट, दातेरी पोलादी चकत्या, मिनिटाला सुमारे १,३५० फेरे घेणारी मोटर, आणि दोन चकत्यांमधील अंतर टप्प्यांविना, केसाएवढ्या फरकाने कमी-जास्त करणारे एक गोल बटण, अशी त्याची रचना आहे. एस्प्रेसोच्या बाबतीत माझी त्याविषयी एकही तक्रार नाही. १८ ग्रॅम पुडीतून २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅम कॉफी उतरली पाहिजे, हे गणित एकदा जुळवले की दिवसभर ते हलत नाही. आवाज बेताचा आहे, पूड गुठळ्यांविना पडते, आणि पाच-सहा कप लागोपाठ काढले तरी यंत्र हाताला गरम लागत नाही. या कामासाठी मी ते कोणालाही निःशंक सुचवीन.

भरडीची गोष्ट वेगळी का होते, हे समजण्यासाठी दाण्याचे काय होते ते पाहावे लागते. एस्प्रेसोचे दळण साधारणपणे २०० ते ४०० मायक्रॉनचे असते. आपल्या स्वयंपाकघराच्या भाषेत पिठीसाखर आणि बारीक रवा यांच्या मधले. कागदी फिल्टरला जाड्या रव्यासारखे दळण लागते, आणि फ्रेंच प्रेसला साधारण मिलिमीटरभर आकाराचे, म्हणजे लापशीच्या रव्याच्या जवळ जाणारे. पण भाजलेला कॉफीचा दाणा ठिसूळ असतो. तो सुपारीसारखा कातरला जात नाही, तो फुटतो, आणि प्रत्येक फुटीबरोबर थोडी वस्त्रगाळ भुकटी तयार होतेच. जगातला कोणताही ग्राइंडर ही भुकटी पूर्णपणे टाळू शकत नाही. प्रश्न असतो तो ती किती येते याचा.

एस्प्रेसोत ही भुकटी दोष नसून गरज असते. ९ बार दाबाचे पाणी पुडीच्या थरातून भसकन निघून जाऊ नये, म्हणून मोठ्या कणांमधल्या फटी बुजवायला बारीक कण हवेच असतात, आणि एस्प्रेसोच्या चकत्यांचे दात तो हिशेब धरूनच कोरलेले असतात. आतल्या बाजूला दाणा फोडणारे मोठे दात आणि बाहेरच्या कडेला त्या तुकड्यांना बारीक करणारे उथळ, जवळजवळ बसवलेले दात, अशी त्यांची मांडणी असते. चकत्यांमधले अंतर वाढवले की फुटलेले तुकडे बाहेरच्या दातांच्या तावडीत नीट सापडण्याआधीच निसटतात. त्यामुळे काही तुकडे फार मोठे राहतात, आणि भुकटी मात्र पहिल्या फुटीतच तयार झालेली असल्याने तीही सोबत येते. परिणामी एकाच कपात दोन परस्परविरोधी दोष एकत्र येतात : भुकटीचा अर्क लवकर आणि गरजेपेक्षा जास्त उतरतो, म्हणून कडवट-तुरट चव, मोठ्या तुकड्यांचा पुरेसा उतरत नाही, म्हणून पाणचट आंबूसपणा. पहिल्या महिन्यात माझी काळी कॉफी एकाच वेळी कडू आणि कच्ची का लागते, हे मला कळत नव्हते. पाण्याचे तापमान बदलले, दाणे बदलले, वेळ बदलली, पण कशानेही फरक पडला नाही, कारण मूळ दोष दळणात होता.

तो दोष नजरेस आणून दिला सासूबाईंनी. त्या कॉफी पीत नाहीत, पण ताटात पसरलेले माझे भरड दळण बघून त्यांनी बोटाने ते चाचपले आणि म्हणाल्या, "यात कणीच फार आहे गो. चाळून बघ." त्यांच्या माहेरी भात भरडायला लाकडी घिरट होती आणि पीठ दळायला दगडी जाते, दोन्ही वेगळी. घिरटीच्या दोन भागांमधले अंतर असे ठेवावे लागे की तूस सुटावे पण तांदूळ तुटू नये. तरीही थोडी कणी होईच, आणि ती नंतर पाखडून आणि चाळून वेगळी काढली जाई. मी त्यांच्या सांगण्याप्रमाणे मैद्याची चाळणी घेतली आणि ३० ग्रॅम भरड दळण वजनकाट्यावर मोजून चाळले. खाली ४.६ ग्रॅम बारीक पूड पडली. तेच दाणे शेजारच्या एका स्नेह्यांकडच्या, हाताने फिरवायच्या चांगल्या ग्राइंडरवर तेवढेच जाड दळून चाळले, तेव्हा खाली २.७ ग्रॅम पडली. प्रयोग घरगुती आहे, पण मी तो वेगवेगळ्या दाण्यांवर आणखी तीनदा केला आणि कल प्रत्येक वेळी तोच राहिला. चाळून उरलेल्या दळणाची फ्रेंच प्रेस त्या दिवशी इतकी स्वच्छ लागली, की यंत्राकडून काय मिळत नव्हते ते मला पहिल्यांदा नेमके कळले.

रोज चाळत बसणे मात्र व्यवहार्य नाही. प्रत्येक वेळी सहाव्या-सातव्या हिश्श्याएवढी महागाची कॉफी बाजूला काढावी लागते, आणि न्याहारीच्या गडबडीत तेवढी सवडही नसते. म्हणून मी उलट्या बाजूने विचार केला : या दळणाला मानवेल अशी कृती प्रत्येक पद्धतीत शोधायची. येथे मात्र यंत्राने मला आश्चर्य वाटावे इतकी साथ दिली, निदान काही पद्धतींत.

फ्रेंच प्रेससाठी मी लापशीच्या रव्याचा हट्ट सोडला. शक्य तितके जाड दळण्याऐवजी मध्यम, जाड्या रव्याएवढे दळायचे, म्हणजे फार मोठे तुकडे राहत नाहीत आणि निदान एक दोष तरी कमी होतो. ३० ग्रॅम पुडीवर ५०० मिलिलिटर नुकते उकळलेले पाणी ओतायचे आणि चार मिनिटे हात लावायचा नाही. मग वर जमलेला पुडीचा जाड थर चमच्याने हलकेच मोडायचा, वर राहिलेला फेस आणि तरंगणारे कण काढून टाकायचे, आणि आणखी पाच ते सहा मिनिटे भांडे स्थिर ठेवायचे. एवढ्या वेळात भुकटी तळाशी बसते. दट्ट्या तळापर्यंत दाबायचा नाही. तो कॉफीच्या पृष्ठभागाला टेकेल इतकाच खाली आणायचा, म्हणजे तळचा गाळ ढवळला जात नाही. भांडे न हलवता सावकाश ओतले आणि शेवटचे दोन घोट भांड्यातच सोडले, तर मातकटपणा जवळजवळ जातो. ही कृती चांगल्या ग्राइंडरच्या दळणालाही उपकारकच आहे, पण एस्प्रेसो ग्राइंडर वापरणाऱ्याला तिच्यावाचून गत्यंतर नाही. वेळ मात्र दहा मिनिटांचा लागतो आणि घाईतल्या पाहुण्यांना तो सांगावा लागतो.

व्ही ६० या शंकूच्या आकाराच्या, ६० अंशांच्या कोनाच्या फिल्टरमध्ये हे दळण सर्वांत जास्त अडले. १५ ग्रॅम पूड आणि २५० मिलिलिटर पाणी यांना अडीच ते तीन मिनिटे लागावीत, तिथे माझ्याकडे सव्वाचार मिनिटे लागत होती. भुकटी पाण्याबरोबर खाली सरकते, शंकूच्या टोकाशी कागदाची छिद्रे बुजवते, आणि शेवटचे पाणी तिथे चिखलातल्यासारखे तुंबून राहते. दळण आणखी जाड केले की वेळ सुधारतो पण कॉफी पातळ होते. पुन्हा बारीक केले की पाणी तुंबते. शेवटी उपाय दळणात न सापडता ओतण्यात सापडला. पूर्वी मी पाच वेळा, उंचावरून, गोल-गोल पाणी ओतत असे. आता पहिल्या ४५ मिलिलिटर पाण्याने पूड भिजवून ४० सेकंद थांबते आणि मग उरलेले पाणी फक्त दोन वेळा, किटलीची चोच पुडीच्या अगदी जवळ धरून, मधोमध सावकाश सोडते. फिल्टर हातात धरून गरगर फिरवण्याची जी पद्धत आहे ती पूर्णपणे बंद केली. पाणी जितके कमी खळबळते तितकी भुकटी जागच्या जागी राहते. वेळ आता सव्वातीन मिनिटांवर आला आहे. कॉफी चांगली होते, पण स्नेह्यांच्या दळणाची शेजारी ठेवून प्यायली की फरक जाणवतो. त्यांच्या कपात चिकमगळूरच्या एस ७९५ जातीच्या दाण्यांचा गोडवा शेवटच्या घोटापर्यंत वेगळा कळतो, माझ्या कपात तो पहिल्या काही घोटांनंतर तुरटपणाखाली झाकला जातो. सपाट तळाच्या फिल्टरमध्ये पाणी एका टोकाशी न तुंबता पसरते, म्हणून हे दळण त्यात व्ही ६० पेक्षा बरे चालले.

एरोप्रेस (हाताने दाबून कॉफी उतरवायची नळी) आणि मोका पॉट (शेगडीवर वाफेच्या दाबाने कॉफी वर चढवणारे भांडे) यांच्याविषयी लांबण लावण्याची गरजच नाही, कारण तिथे हे यंत्र उत्तम आहे. मोका पॉटला एस्प्रेसोपेक्षा थोडेसेच जाड दळण लागते आणि ते या बटणाच्या अगदी सुखाच्या पट्ट्यात येते. एरोप्रेसमध्ये कागद भुकटी अडवतो, दाब हाताने द्यायचा असल्याने पाणी तुंबत नाही, आणि मध्यम-बारीक दळण दीड-दोन मिनिटांत भरपूर चव देते. ज्यांना एकट्यासाठी काळी कॉफी हवी आहे आणि घरात एस्प्रेसो ग्राइंडर आहे, त्यांनी व्ही ६० च्या नादी न लागता एरोप्रेस घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. दाक्षिणात्य पद्धतीच्या पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरलाही हे दळण चालते. बारीक रव्याएवढे दळले की पहिला डिकॉक्शन दाट आणि स्वच्छ उतरतो.

कोल्ड ब्रूसाठी मात्र मी हे यंत्र वापरणे थांबवले आहे. एप्रिल-मे महिन्यांत पाहुणे थंड कॉफीच मागतात. १०० ग्रॅम भरड पूड १४-१५ तास पाण्यात भिजवून ठेवली, की ती भुकटी चोथ्यात आणि पाण्यात अशी एकजीव होते, की मलमलीच्या दुहेरी फडक्यातून गाळायला पाऊण तास लागतो आणि तरीही बाटलीच्या तळाशी दुसऱ्या दिवशी बोटभर साका बसतो. चव वाईट नव्हती, पण एवढ्या खटाटोपानंतर ती अधिक चांगली असायला हवी होती.

आता दळणाच्या जातीपेक्षाही ज्या गोष्टीने मला जास्त त्रास दिला तिच्याविषयी. ती गोष्ट म्हणजे एका सेटिंगवरून दुसऱ्यावर जाणे आणि परत येणे. या बटणावर एस्प्रेसोचा सगळा पट्टा साधारण पाव फेरीत मावतो. त्या पाव फेरीत एका बारीक खुणेचा फरक पडला तरी कॉफी उतरण्याचा वेळ तीन-चार सेकंदांनी बदलतो. फिल्टरसाठी बटण एक पूर्ण फेरी आणि वर थोडे, आणि खरी भरड हवी असेल तर जवळजवळ दोन फेऱ्या उघडावे लागते. बटणावरचे आकडे मात्र प्रत्येक फेरीत तेच ते पुन्हा येतात, आणि आपण कितव्या फेरीत आहोत हे सांगणारी कोणतीही खूण यंत्रावर नाही. एका सकाळी मी मध्येच फोन घेतला आणि परत आल्यावर एक फेरी विसरले. एस्प्रेसोऐवजी फिल्टरचे दळण एस्प्रेसो काढण्याच्या यंत्रात भरले गेले आणि कॉफी सहा सेकंदांत पाण्यासारखी वाहून गेली. त्यानंतर मी बटणावर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला, समोर यंत्राच्या अंगावर दुसरा ठिपका दिला, आणि प्रत्येक फेरी मोठ्याने मोजायची सवय लावून घेतली. ठिपके जुळवूनही पहिला कप नेमका येत नाही, कारण स्क्रूच्या आट्यांमध्ये थोडी ढिलाई असते. म्हणून नेहमी खुणेच्या थोडे पुढे, जाड बाजूला राहून, मग बारीक बाजूकडे फिरवत खुणेवर यायचे, म्हणजे ढिलाई दर वेळी एकाच दिशेला राहते. एवढ्याने चूक पुष्कळच कमी झाली.

बारीक बाजूला येताना मोटर चालू असली पाहिजे, ही सूचना माहितीपुस्तिकेत असते पण तिचे कारण लिहिलेले नसते. बंद यंत्रात चकत्यांच्या मध्ये जाड तुकडे अडकलेले असतात; त्यांच्यावर चकत्या आवळल्या तर बटण घट्ट होते, आट्यांवर ताण येतो आणि क्वचित मोटरही सुरू होण्यास नकार देते. जाड बाजूला जाताना ही अडचण नाही.

बदलात आणखी एक नुकसान आहे, ते म्हणजे मागे उरलेली पूड. चकत्यांच्या भोवतीच्या जागेत आणि पूड पडण्याच्या नळीत माझ्या यंत्रात दोन-तीन ग्रॅम दळण राहते. सेटिंग बदलल्यावर पहिले ४ ग्रॅम फेकून दिले नाहीत तर नव्या दळणात जुने मिसळते, आणि भरड कॉफीत एस्प्रेसोची बारीक पूड मिसळणे म्हणजे ज्या भुकटीशी एवढे भांडण चालले आहे तिचीच भर घालणे. दिवसाला पाच बदल धरले तर २० ग्रॅम, म्हणजे बारा-तेरा दिवसांत पाव किलोचे एक पाकीट केवळ बदलांवर जाते. घाटावरून मागवलेल्या चांगल्या दाण्यांचा भाव पाहता ही रक्कम वर्षाकाठी दुर्लक्ष करण्यासारखी नाही. फेकलेली पूड मी मोगऱ्याच्या कुंड्यांमध्ये घालते, परंतु ती मोगऱ्यासाठी घेतलेली नसते.

नळीच्या तोंडाशी एस्प्रेसोच्या गुठळ्या फोडण्यासाठी जी लवचीक पट्टी असते, तिच्याही मागे भरड दळताना दाण्याचे कोंड्यासारखे साल साचते. हलक्या भाजणीच्या दाण्यांत हे साल जास्त सुटते. दर आठवड्याला पट्टी काढून ते ब्रशने झाडले नाही, तर दळण अडखळत, झटक्याने पडते. शिवाय वरच्या भांड्यात दाणे भरून न ठेवता एका वेळेपुरतेच मोजून टाकले, तर शेवटचे काही दाणे वर दाब नसल्याने चकत्यांवर लाह्यांसारखे उडत राहतात, आणि जाड सेटिंगवर हे उडणे अधिक होते. शेवटचे ते दळण असमान येते. एक छोटी वाटी दाण्यांवर पालथी ठेवल्याने हे बरेच थांबले.

गोव्याच्या हवेचा परिणाम या सगळ्यावर होतो, आणि तो कोणत्याही माहितीपुस्तिकेत नसतो. जून ते सप्टेंबर या काळात आमच्याकडे उघडे ठेवलेले मीठ वाटीत पाणी धरते; कॉफीची पूडही तशीच दमट होते. नळीत ती चिकटते, मागे उरणारे प्रमाण वाढते, आणि एस्प्रेसोची सेटिंग सकाळ-संध्याकाळ एखाद्या खुणेने हलवावी लागते. पावसाळ्यात मी वरच्या भांड्यात दाणे ठेवतच नाही, हवाबंद बरणीतून मोजूनच घेते. डिसेंबरच्या कोरड्या सकाळी उलटे होते : भरड दळताना साल आणि भुकटी स्थिर विजेने भांड्याला, हाताला, ओट्याला चिकटते. त्यावर उपाय एका थेंबाचा आहे. दळण्यापूर्वी दाण्यांमध्ये चमच्याच्या ओल्या दांड्याने एखादा थेंब पाणी फिरवायचे. २०२३ मध्ये अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठातील संशोधकांनी मॅटर या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही थोड्या पाण्याने दळतानाची स्थिर वीज घटते, असे दिसून आले आहे. माझ्याकडे या थेंबाने ओटा स्वच्छ राहू लागला आणि नळीत उरणारी पूडही कमी झाली. पावसाळ्यात थेंबाची गरज नसते.

थंड दाण्यांविषयीही येथे लिहायला हवे. दाणे गोठवून दळले तर कणांचे आकार अधिक एकसारखे येतात, हे २०१६ मध्ये सायंटिफिक रिपोर्ट्स या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवले गेले होते, आणि भुकटीवर उतारा म्हणून मी तो प्रयोग मोठ्या आशेने केला. पण आमच्या हवेत फ्रीजरमधून काढलेल्या दाण्यांवर मिनिटभरात दव धरते, आणि ते दव दळणाबरोबर चकत्यांपर्यंत जाते. एका वेळेपुरते दाणे छोट्या हवाबंद बाटल्यांमध्ये गोठवून, बाटली उघडताच लगेच दळले तरच हे जमते. फरक जाणवतो, पण थोडा. तीन खोल्यांच्या पाहुण्यांसाठी ते रोज करणे मला झेपले नाही.

दाण्यांची निवड मात्र प्रत्येकाच्या हातात आहे. गडद भाजलेले दाणे अधिक ठिसूळ असतात आणि भरड दळताना त्यांची भुकटी जास्त होते. समुद्रकाठच्या गोदामांत पावसाळी वाऱ्यावर फुगवलेले मान्सून्ड मलबार मला स्वतःला फार आवडते. दुधाच्या कॉफीत त्याचा जाडपणा अप्रतिम उतरतो. पण भरड दळणात त्याने माझी सर्वाधिक निराशा केली, चाळणीखाली सर्वांत जास्त पूड त्याचीच पडली. या यंत्रावर फिल्टर करायचाच असेल, तर मध्यम भाजणीचे, घट्ट, उंचावर पिकलेले अरेबिका दाणे घ्यावेत. पाण्याने मला कधी अडवले नाही. आमच्या विहिरीचे पाणी मृदू आहे आणि ते गाळून उकळून वापरल्यावर काळ्या कॉफीत उणीव जाणवली नाही.

स्वच्छतेबाबत एक इशारा द्यावासा वाटतो. मिक्सरमध्ये जसे कोरडे तांदूळ फिरवून भांडे साफ करण्याची आपल्याकडे रीत आहे, तसे या यंत्रात करू नये. कच्चा तांदूळ कॉफीच्या दाण्यापेक्षा खूप कठीण असतो आणि त्याचा ताण चकत्यांवर व मोटरवर येतो. वरची चकती तीन स्क्रू काढून बाहेर येते. कोरडा ब्रश आणि हवेचा फुगा एवढेच पुरते. पावसाळ्यात तेलकट पुडीला खवट वास लवकर येतो, म्हणून मी हे काम दर पंधरा दिवसांनी करते. पाणी चकत्यांना लावायचे नाही, नाहीतर आमच्या हवेत दुसऱ्या दिवशी गंज दिसतो.

उलट दिशेचा प्रवास, म्हणजे भरड दळणाच्या ग्राइंडरवर एस्प्रेसो, शक्य आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. २०१३ साली मेलबर्न येथील जागतिक बरिस्ता स्पर्धेत मॅट पर्जर यांनी ९८ मिलिमीटर चकत्यांच्या ईके ४३ या दुकानी वापराच्या ग्राइंडरवर एस्प्रेसोचे दळण केले होते, आणि त्यानंतर अनेक कॅफेंमध्ये ते यंत्र दोन्ही कामांसाठी दिसू लागले. पण त्या यंत्राच्या चकत्या मोठ्या आहेत, त्यांचे दात वेगळ्या घडणीचे आहेत, आणि ते घरातल्या ओट्यावर मावणारे नाही. त्याच्या उदाहरणावरून घरगुती एस्प्रेसो ग्राइंडरही दोन्ही कामे तितक्याच बरोबरीने करील, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल.

माझा निर्णय असा झाला. ज्यांच्या घरी रोज एस्प्रेसो होतो आणि महिन्यातून एक-दोनदा कोणी काळी कॉफी मागते, त्यांनी दुसऱ्या यंत्रावर खर्च करू नये. एरोप्रेस घ्यावी, किंवा वर लिहिल्याप्रमाणे फ्रेंच प्रेस संथपणे करावी. जे रोज दोन्ही पितात त्यांनी एस्प्रेसो ग्राइंडर एस्प्रेसोवरच ठेवावा आणि भरडीसाठी शंकूच्या आकाराच्या चकत्यांचा, क्लिक मोजता येणारा हाताचा ग्राइंडर घ्यावा. आणि जे मुख्यतः फिल्टर किंवा फ्रेंच प्रेसच पितात, पण उद्या कधीतरी एस्प्रेसो करू म्हणून आजच एस्प्रेसो ग्राइंडर घेण्याच्या विचारात आहेत, त्यांनी कृपया तो घेऊ नये. रोजच्या कपात त्यांना कमी मिळेल आणि त्यासाठी पैसे जास्त मोजावे लागतील.

मी स्वतः चवथीच्या आधी हाताचा ग्राइंडर घेतला. त्याचे शून्य, म्हणजे चकत्या एकमेकींना टेकतात ती जागा, एकदा ठरवले, की फिल्टरला किती क्लिक आणि फ्रेंच प्रेसला किती, हे स्वयंपाकघराच्या दारामागे कागदावर लिहून ठेवता येते, आणि घरातले कोणीही ते वाचून दळू शकते. एस्प्रेसो ग्राइंडरवरचे दोन लाल ठिपके तेव्हापासून समोरासमोर आहेत. हवेप्रमाणे एखाद-दुसरी खूण सरकते तेवढीच. सकाळी ३० ग्रॅम भरड दळायला हाताला दीड मिनिट लागते, आणि तेवढ्या वेळात शेगडीवरची किटली अजून उकळायची असते.